रेकॉर्ड हातात घेतली की आधी वाजवणाऱ्यांची नावं वाचा

जॅझ ऐकायला सुरुवात कुठून करू, असं विचारलं की लोक शंभर उत्तम आल्बमची यादी हातात ठेवतात. ऐकणारा बिचारा चार आल्बम नेटाने ऐकतो आणि पाचव्याच्या वेळी मुकाट्याने नाट्यगीतं लावतो. मी यादी देत नाही. मी एका दुकानाचं नाव सांगते आणि त्या दुकानाने काढलेल्या रेकॉर्डी ऐकायला सांगते.

दुकान न्यूयॉर्कचं. पूर्व ४२व्या रस्त्यावर, ग्रँड सेंट्रल स्टेशनजवळ. नाव कमोडोर म्युझिक शॉप. १९५८ मध्ये ते बंद झालं, पण त्याच्या रेकॉर्डी आजही इंटरनेटवर सहज सापडतात. ऐकायला जमेल तेवढ्या निवडा, पण सांगते त्या रीतीने ऐका.

माझी सगळी नोकरी रेडिओच्या रेकॉर्ड लायब्ररीत गेली. प्रत्येक रेकॉर्डचं एक कार्ड करायचं. रकाने ठरलेले: गायक, संगीतकार, कवी, चित्रपट किंवा राग, कंपनी, क्रमांक. तबल्यावर कोण, सारंगी कोणाची, बासरी कोणी वाजवली, याला रकानाच नव्हता. लेबलवर छापलेलंच नसे, तर कार्डावर कुठून येणार? लता मंगेशकरांच्या आवाजातल्या ‘महल’च्या गाण्याची रेकॉर्ड १९४९ मध्ये पहिल्यांदा आली तेव्हा गायिका म्हणून नाव होतं ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. गाणारीची ही गत, तर मागे बसलेल्या वादकांना कोण विचारतो! त्याही आधी, १९०२ पासून, गौहर जान रेकॉर्डच्या शेवटी स्वतःच नाव सांगून मोकळी व्हायची. मला ती बाई हुशार वाटते.

अमेरिकेतही फार वेगळं नव्हतं. १९२०च्या दशकातल्या मोठ्या कंपन्यांच्या लेबलवर म्होरक्याचं नाव, ‘आणि त्यांचा वाद्यवृंद’, खाली ‘फॉक्स ट्रॉट’, म्हणजे नाचाचा प्रकार. संपलं. ट्रम्पेट कोणाचा, हे ओळखायचं कानाने. या सवयीला तडा गेला तो एका गल्ल्यावर बसलेल्या पोरामुळे.

मिल्ट गेब्लर १९११चा. वडील ज्युलियस यांचं हार्डवेअर आणि रेडिओच्या सामानाचं दुकान. जवळच कमोडोर हॉटेल, त्यावरून दुकानाचं नाव. पोराने दारावर स्पीकर टांगून रेडिओ लावला. रस्त्यावरून जाणारे आत येऊन विचारू लागले, रेकॉर्डी ठेवता का? मिल्टने वडिलांना गळ घातली आणि रेकॉर्डी ठेवल्या. बघता बघता दिवे-वायरी मागे पडल्या. आता गिऱ्हाईक जे मागायचं ते कंपन्यांच्या यादीतून कधीच निघून गेलेलं असायचं, पाच-सात वर्षांपूर्वीच्या जॅझ रेकॉर्डी. कंपन्यांना त्या पुन्हा काढण्यात रस नाही. मग गेब्लरने कंपन्यांकडूनच जुन्या साच्यांवरून आपल्या खर्चाने पुन्हा छापून घ्यायला सुरुवात केली. १९३५ मध्ये ‘युनायटेड हॉट क्लब्ज ऑफ अमेरिका’ नावाची रसिकांची संघटना उभी राहिली, त्यात जॅझवर लिहिणारा मार्शल स्टर्न्स आणि रेकॉर्डींचा निर्माता जॉन हॅमंडही होते. त्या नावाच्या लेबलवर हे पुनर्मुद्रण निघू लागलं आणि टपालाने गावोगाव जाऊ लागलं.

आता इथे थांबा, कारण सगळी पद्धत इथून निघते. दुकानात येणारा माणूस नुसतं गाणं मागत नव्हता, माणसं मागत होता. ‘अमक्याचा क्लॅरिनेट आहे ती द्या.’ गेब्लरने लेबलवर बँडमधल्या प्रत्येकाचं नाव आणि वाद्य छापलं. ही प्रथा पक्की करण्याचं श्रेय त्याच्याकडे जातं. दुकानदाराला हे सुचलं, कंपनीच्या साहेबाला सुचलं नाही, कारण प्रश्न रोज दुकानदारालाच विचारले जात होते.

तर पहिलं काम: कार्ड करा. वही चालेल, मोबाइलमधली टिपण चालेल, मला कोरं कार्डच लागतं ती माझी खोड. सगळ्यात वर गाण्याचं नाव लिहू नका. वर वाजवणाऱ्यांची नावं, प्रत्येकापुढे वाद्य. त्याखाली तारीख आणि गाव. मग लेबल व क्रमांक. गाण्याचं नाव सगळ्यात शेवटी. जॅझमध्ये एकच चाल पन्नास जण वाजवतात, त्यामुळे चालीच्या नावावर लावलेली कार्डं काही दिवसांत निरुपयोगी होतात. माणसांच्या नावावर लावलीत तर तिसऱ्या-चौथ्या कार्डाला ओळखीचे चेहरे भेटू लागतात. नाव लेबलवर छापलेलं असेल तर शाईने. कुठेतरी ऐकलेलं, वाचलेलं असेल तर पेन्सिलने.

नावं मिळवायची कुठून? रेकॉर्डच्या लेबलचा फोटो बहुधा डिस्कॉग्स या रेकॉर्डींच्या वेबसाइटवर सापडतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेने जुन्या अमेरिकन रेकॉर्डींची मोठी सूची ऑनलाइन ठेवली आहे, तीही बघा. गाण्याच्या ॲपवर विसंबू नका. ॲपला १९३८ची रेकॉर्ड आणि तिचा १९९७चा सीडी-संग्रह यातला फरक कळत नाही. तिथे दिसतं ते साल बहुतेक वेळा सीडीचं असतं.

दुसरं काम: एका दिवसाचं ध्वनिमुद्रण घेऊन बसा. आल्बम ही कल्पना विसरा, तेव्हा आल्बम नव्हतेच. सकाळी सहा-आठ जण स्टुडिओत आले, चार-पाच गाणी वाजवून गेले, तो एक ‘सेशन’. गेब्लर आता स्वतःच रेकॉर्डी काढू लागला, दुकानाच्याच नावाने. पहिलं सेशन १७ जानेवारी १९३८चं, गिटारवाला एडी काँडन याच्या बँडचं. आदल्याच रात्री क्लॅरिनेटवाला बँडप्रमुख बेनी गुडमन याची न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधली गाजलेली मैफल झाली होती. तिथे वाजवून आलेले पियानोवाला जेस स्टेसी आणि कॉर्नेटवाला (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचा आखूड भाऊ) बॉबी हॅकेट दुसऱ्या दिवशी गेब्लरकडे हजर. त्या सेशनमधल्या दोन तुकड्यांची नावं ‘कार्नेगी ड्रॅग’ आणि ‘कार्नेगी जंप’. पी वी रसेलचा क्लॅरिनेट त्यातच ऐकायला मिळतो. तो सूर असा तिरपा लावतो की पहिल्यांदा वाटतं, चुकला की काय. नाही चुकलेला. पुन्हा ऐका.

पण नवख्या माणसाला मी आधी दुसरं सेशन देते: सप्टेंबर १९३८, ‘कॅन्सस सिटी सिक्स’. कार्ड असं होतं: बक क्लेटन, ट्रम्पेट. लेस्टर यंग, क्लॅरिनेट आणि टेनर सॅक्सोफोन. एडी डरम, इलेक्ट्रिक गिटार. फ्रेडी ग्रीन, साधी गिटार. वॉल्टर पेज, बास. जो जोन्स, ड्रम. सगळ्यांचं नातं पियानोवाला काउंट बेसी याच्या बँडशी, पण बेसी नाही आणि पियानोही नाही. पियानो नसल्यामुळे मधली जागा मोकळी राहते आणि प्रत्येक माणूस वेगळा ऐकू येतो. शिकणाऱ्यासाठी याहून सोयीचं काही मला माहीत नाही.

त्यातलं ‘पेजिंग द डेव्हिल’ लावा. चाल संथ आहे. पहिल्या वेळी फक्त बास धरा. वॉल्टर पेज चार-चार मात्रा चालत जातो, बोटाने मोजा. हा ब्लूज आहे, म्हणजे चार मात्रांचे बारा खंड, एकूण ४८ मात्रांचं एक आवर्तन. आपल्याला आवर्तन मोजायची सवय असते, तिचा इथे उपयोग होतो. फक्त समेवर ‘वाहवा’ म्हणायला जाऊ नका. जॅझवाला समेला मुद्दाम बगल देतो, आधी नाहीतर नंतर उतरतो. आवर्तन संपलं की बहुतेक वेळा वाजवणारा माणूस बदलतो. तो बदल ओळखता आला की अर्धं काम झालं.

दुसऱ्या वेळी दोन गिटार वेगळ्या काढा. फ्रेडी ग्रीन एकदाही पुढे येत नाही, प्रत्येक मात्रेवर एक कोरडा ठोका देत राहतो. डरमची गिटार विजेची, तिचा सूर लांबतो, गोल होतो. गिटारवाला चार्ली ख्रिश्चन गुडमनकडे जाऊन इलेक्ट्रिक गिटार गाजवायला अजून जवळजवळ वर्षभर अवकाश आहे. तिसऱ्या वेळी लेस्टर यंग. जग त्याला सॅक्सोफोनसाठी ओळखतं. इथे तो क्लॅरिनेटवर आहे आणि इतकं कमी वाजवतो की आपण कान पुढे करतो. सूर फुंकून मारत नाही, सोडून देतो. याच सेशनमधलं ‘आय वॉन्ट अ लिटल गर्ल’ नंतर ऐका आणि कार्डावर एकच ओळ लिहा: यंग कुठे थांबला. काय वाजवलं ते लिहायच्या फंदात पडू नका, पहिल्या महिन्यात ते जमत नाही.

तिसरं काम: रेकॉर्डला दोन बाजू असतात हे लक्षात ठेवा. दहा इंची ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या रेकॉर्डच्या, एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपास जागा. त्या तीन मिनिटांनी काय काय घडवलं हे कमोडोर ५२६ या क्रमांकाच्या रेकॉर्डवर दिसतं. बिली हॉलिडे तेव्हा कोलंबिया कंपनीशी बांधलेली. ग्रीनविच व्हिलेजमधल्या ‘कॅफे सोसायटी’त ती ‘स्ट्रेंज फ्रूट’ म्हणायची; एबल मीरोपोल या शाळामास्तराची ती कविता, अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसांना झाडाला लटकावून मारत त्यावरची. कोलंबियाने ते गाणं घ्यायला नकार दिला, पण तेवढ्यापुरती तिला बाहेर गायची मोकळीक दिली. ती गेली गेब्लरकडे. २० एप्रिल १९३९. दक्षिणेतल्या दुकानदारांची भीती मोठ्या कंपनीला होती. ४२व्या रस्त्यावरच्या दुकानाचं गिऱ्हाईक वेगळं होतं.

गाणं फार लहान भरत होतं. गेब्लरने पियानोवाल्या सनी व्हाइटला सुरुवातीला काहीतरी वाजव म्हणून सांगितलं. घड्याळ लावून ऐका: बिली तोंड उघडते ती साधारण सत्तराव्या सेकंदाला. रेकॉर्डचा तिसरा हिस्सा ती गप्प आहे! आधी फ्रँकी न्यूटनचा ट्रम्पेट, मग पियानो. लहान गाणं लांबवायची ही व्यावहारिक सोय, पण आज त्या सत्तर सेकंदांशिवाय ते गाणं मला कल्पनाच करता येत नाही.

माझा सल्ला मात्र असा की आधी उलटी बाजू लावा. ‘फाइन अँड मेलो’. साधा बारा खंडांचा ब्लूज, तेच वादक, तोच दिवस. ज्यूकबॉक्सवर, म्हणजे नाणं टाकून रेकॉर्ड वाजवायच्या यंत्रावर, ही बाजूच जोरात चालली. इथे तिचा आवाज मोकळा आहे आणि ती तालाच्या किती मागे रेंगाळते ते मोजता येतं. हे कानात बसलं की मग सुलटी बाजू. उलट क्रमाने ऐकलंत तर दुसरी बाजू ऐकायचं त्राण उरत नाही.

चौथं काम थोडं किचकट आहे, कंटाळा असेल तर सोडून द्या. रेकॉर्डच्या लेबलभोवती जिथे खोबणी संपते तिथे गुळगुळीत पट्टा असतो. त्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक असतो, त्याच्या शेवटी बहुधा एक छोटा आकडा. तो ‘टेक’चा. एकच गाणं त्या दिवशी दोनदा-तीनदा वाजवलं जायचं, त्यातलं कितवं हे तो सांगतो. कमोडोरचे राहिलेले टेक नंतर बाहेर आले; मोझेक कंपनीने पुढे सगळा कमोडोर तीन भल्या मोठ्या एलपी-पेट्यांत काढला. एकाच गाण्याचे दोन टेक लागोपाठ ऐका. जे दोन्हीत तंतोतंत सारखं आहे ते आधी ठरवलेलं. जे बदललं ते तिथल्या तिथे सुचलेलं. उपज म्हणजे काय हे जॅझमध्ये समजावून सांगायला मला याहून सोपा मार्ग सापडलेला नाही.

आता खरी ७८ विकत घ्यायची हौस असणाऱ्यांसाठी चार गोष्टी. मुंबईच्या चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर कमोडोर मिळेल ही आशा नको. तिथे मिळतात त्या मुख्यतः एचएमव्हीच्या, डमडमच्या कारखान्यातल्या. हाताळायला शिकायचं तर त्याच घ्या, स्वस्त पडतात. रेकॉर्ड उजेडात तिरकी धरा. राखाडी झालेली खोबणी म्हणजे बोथट सुईने खाल्लेली, ती धुऊन सुधारत नाही. कडेपासून आत गेलेली चीर नखाने चाचपा. एलपीची सुई ७८ला लावू नका, खोबणी रुंद असते आणि ती सुई तळाशी घरंगळते. ७८साठी सुमारे तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वेगळी सुई मिळते. आणि स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं कुठलंही द्रव लावू नका. शेलॅक त्यात विरघळतं. साध्या पाण्यात एक थेंब सौम्य साबण, मऊ कापड, खोबणीच्या दिशेने पुसायचं, लेबल कोरडं ठेवायचं, उभं करून वाळवायचं. बस.

शेलॅक म्हणजे लाख, आणि तेव्हा जगाला ती बव्हंशी हिंदुस्थानातून जायची, छोटा नागपूरच्या जंगलांतून. १९४२ मध्ये युद्धामुळे अमेरिकेत शेलॅकच्या वापरावर कडक निर्बंध आले आणि रेकॉर्ड छापणाऱ्यांची पंचाईत झाली. त्या वर्षांतल्या अमेरिकन रेकॉर्डी जास्त खरखरतात. दोष तुमच्या मशीनला देऊ नका.

पाचवं: दुकानाभोवतीची माणसंही कार्डावर चढवा, कारण पुढचा रस्ता त्यातूनच निघतो. दुकान कधीच एकट्याचं नव्हतं. गेब्लर १९४१ मध्ये डेका कंपनीत नोकरीला गेला, तरी दुकान चालू राहिलं. गल्ला त्याचा मेहुणा जॅक क्रिस्टल सांभाळायचा, म्हणजे पुढे नट झालेल्या बिली क्रिस्टलचे वडील. ५२व्या रस्त्यावर ‘जिमी रायन्स’मध्ये रविवारी दुपारी गेब्लरच्या जॅम सेशन, म्हणजे आयत्या वेळी जमून वाजवायच्या बैठकी, व्हायच्या. आल्फ्रेड लायनने १९३९ मध्ये ब्लू नोट ही जॅझ रेकॉर्डींची कंपनी काढली तेव्हा तिच्या रेकॉर्डी याच दुकानात विकायला असत. लायन लष्करात गेला त्या काळात त्याचा भागीदार फ्रान्सिस वुल्फ कमोडोरमध्ये काम करून ब्लू नोटचं खातं जिवंत ठेवत होता. आज ब्लू नोटचे टी-शर्ट विकले जातात, कमोडोरचं नाव कोणाला ठाऊक नसतं. असो. १९५४ मध्ये डेकासाठी बिल हेलीचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ ध्वनिमुद्रित करणाराही हाच गेब्लर, हे सांगितलं की तरुण मंडळी जरा सरसावून बसतात. तो २००१ मध्ये गेला.

तर कमोडोर झालं की ब्लू नोटच्या १९३९च्या रेकॉर्डी घ्या. सॅक्सोफोनवाला सिडनी बेशे याचं ‘समरटाइम’ त्याच वर्षाचं. तिथून पुढे कार्डंच वाट दाखवतात: जो जोन्स आवडला असेल तर बेसीच्या बँडकडे, हॅकेट आवडला असेल तर काँडनच्या टोळीकडे. यादी लागत नाही.

आणि हीच रीत घरच्या रेकॉर्डींना लावून बघा. १९५१चा ‘अलबेला’ घ्या. लेबलवर संगीतकार सी. रामचंद्र, गायक चितळकर; एकच माणूस दोन रकान्यांत दोन नावांनी बसलाय, आणि ट्रम्पेटवाल्याला तिसरा रकाना नाही. गोव्याच्या आल्दोन्याचा आंतोनियो शाव्हियेर वाझ, म्हणजे मुंबईचा चिक चॉकलेट, रात्री स्वतःचा जॅझ बँड चालवायचा आणि सी. रामचंद्रांबरोबर काम करायचा. ‘अलबेला’त तो पडद्यावरही दिसतो, लेबलवर नाही. सबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस, ही सगळी माणसं वाद्यमेळ रचायची आणि वाजवायची. रेकॉर्डवर शोधून सापडत नाहीत. काळा घोड्याचं ‘ऱ्हिदम हाउस’ हे रेकॉर्डींचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं, नाहीतर काउंटरवर उभं राहून विचारता आलं असतं.

म्हणून आता विचारायचं ते माणसांना. वांद्रे, माहीम, म्हापसा, मडगाव इथल्या वादकांच्या घरी जुने फोटो आहेत. फोटोच्या मागे लिहिलेलं आधी वाचा, मग समोरची बाजू. नुसतं ‘तुमचे वडील कोणत्या गाण्यात वाजवायचे’ असं विचारलं तर घरचे सगळ्यात गाजलेलं गाणं सांगून टाकतात. त्याऐवजी कोणत्या स्टुडिओत जायचे, शेजारच्या खुर्चीवर कोण बसायचं, घरी कितीला यायचे, असं विचारा. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचं नाव पटकन आठवतं. मग त्या माणसाच्या घरी जायचं, तिथे पुन्हा तेच विचारायचं. दोन घरांत एकच उत्तर आलं की कार्डावर शाई चढवायची.